धक्का नाई

आर्वीच्या बाजारात मी एकदा एका बाईबद्दल चारचौघांत एक वाक्य बोललो. ते खोटं होतं हे मला थोड्याच दिवसांत कळलं, आणि कळूनही मी गप्प राहिलो. ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही सांगितलेली नाही. ती बाई आता नाही. तिचा दीरही नाही. दिराची मुलं आहेत, माझ्याच गॅरेजात गाड्या आणतात, आणि हे वाचून त्यांना राग येईल. येऊ द्या.

पण आधी बाई तुम्हाला दिसली पाहिजे.

जुन्या जीपच्या स्टिअरिंगमागे बसलेली. लुगड्याचा पदर दातांत धरलेला. उजवा हात बाहेर काढलेला, आणि पंजा समोरच्या माणसांकडे करून, रहदारीच्या शिपायासारखा. “धक्का नाई.” बस, एवढंच. बंद पडलेली गाडी दिसली की आपल्याकडची माणसं न बोलावता धावतात. तुम्हीही धावला असाल. त्यात मदत असते, आणि थोडी गंमतही असते. तो पंजा दिसला की माणसं जागच्या जागी थांबायची.

आर्वीच्या अलीकडच्या एका खेड्यात या बाईच्या घरचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, टमाटे, आणि ज्याला तुम्ही कोथिंबीर म्हणता तो आमचा सांबार. जीप सरकारी लिलावातली, पेट्रोलवरची, तिच्या नवऱ्यानं घेतलेली. आधी तोच चालवायचा. मग त्याचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेनं अंधार येत गेला. तेव्हा त्यानंच तिला मळ्यातल्या मळ्यात गाडी शिकवली. सत्तरचं दशक संपत आलं होतं, आणि आमच्या भागात बाई सायकलवर दिसली तरी लोक वळून पाहायचे.

बाजाराला येताना तो शेजारी बसलेला असायचा. पांढरी टोपी, मांडीवर काठी, आणि तोंड सतत चालू. “समोर बैल आहे, घंटी ऐकू येऊन राह्यली.” “गाडी रडून राह्यली, तिसरा टाक.” ती म्हणायची, “डोये माहे आहेत का तुमचे?” तो म्हणायचा, “डोये तुहे, कान माहे.” अशी ती जोडी चिंचेच्या सावलीखालून यायची, मागे भाजीचे टोपले, आणि मी गॅरेजच्या दारातून बघत राहायचो.

धक्का का नाही, ते तिनंच मला एकदा सांगितलं. ती नवीन नवीन गाडी चालवायला लागली तेव्हा गावच्या चौकात गाडी बंद पडली. माणसं जमली, पुढे तिचा दीर. “चला रे, वहिनीची वरात काढू.” धक्का देत देत, हसत, ओरडत त्यांनी जीप पार नाल्यापर्यंत नेली. ती आत बसून थांबा थांबा म्हणत होती. नवरा शेजारी, त्याला काही दिसत नव्हतं, तो विचारत होता, काय झालं वं, काय झालं.

“त्या दिवसापासून नाई,” ती म्हणाली. “गाडी सडली तरी चालन. मानसाच्या हातानं नाई चालवनार.”

मी तेव्हा विशीतला. मला काम शिकवणारे उस्ताद गाव सोडून गेले होते आणि गॅरेज माझ्याकडे आलं होतं. काम सेल्फ आणि डायनामोचं. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर. दाबला, की इंजिन फिरलं पाहिजे. तिच्या जीपचा सेल्फ कधी फिरायचा, कधी नुसता कट् करून गप्प बसायचा. त्यात काही नेम नव्हता. असला दोष मिस्त्रीच्या कपाळी येऊ नये. सरळ मेलेला सेल्फ बरा. खोलला, काय जळलं ते दिसतं.

तिनं त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. उतार. जीप उभी करायची ती उतारावरच. सकाळी ब्रेक सोडला, गाडी घरंगळली, गिअर टाकला, की झाली सुरू. आपला मुलूख तसा सपाट. पण आर्वीच्या रस्त्यावर कुठे जरा जमीन झुकते ते तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. बाजारात कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागे एक उतरती जागा होती, ती तिची. मळ्यात तर उतार नव्हताच, म्हणून तिनं स्वतः टोपल्यांनी माती वाहून एक उंचवटा केला होता. जीप रात्री त्याच्यावर चढवून ठेवायची. लोक म्हणायचे, माळणीनं गाडीला ओटा बांधला.

“तुह्या बापाच्या ओट्यावर तर नाई ना ठेवली?” ती म्हणायची.

दर बाजाराला, भाजी विकून झाली, की ती जीप माझ्याकडे आणायची. मी सेल्फ मारायचो. फर्रकन लागायचा. पुन्हा मारायचो, पुन्हा लागायचा. मी कार्बन बदलले, बुश बदलले, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. गॅरेजात कधीही काहीही बिघाड नाही.

“काकू, ठीक तर आहे.”

“तुह्यापुढे ठीक राह्यते. मळ्यात नाई लागत.”

“मळ्यात कशी लावता?”

“तुह्यासारखीच. पायानं नाई लावत.”

एकदा ती म्हणाली, “मिस्त्री, एक सांगू? सेल्फ मारला का चोकची तार गरम होते. बोट टेकवत नाई.” चोक म्हणजे डॅशबोर्डावरची ती ओढायची मूठ; तिची तार इंजिनापर्यंत जाते आणि थंडीत इंजिनाला जादा पेट्रोल देते. तिच्यात वीज नसते. ती नुसती ओढायची तार. गॅरेजात दोघंतिघं बसलेले होते, ते हसले. मीही हसलो. “काकू, चोकला करंट नसतो. उन्हानं तापली असेल.”

“सकाऊन, धुक्यात, ऊन कुठून आलं बाप्पा?”

आणखीही एकदा ती म्हणाली, “दसऱ्यापासून असं करून राह्यली.” मी ते ऐकलं न ऐकलं केलं. तुम्ही हे वाचताना या दोन वाक्यांवर जरा थांबा. मी थांबलो नाही.

दिराची नजर जीपवर होती. त्याचं म्हणणं, गाडी घरची आहे, भाऊ आंधळा झाला, आता बाईमाणसानं गाडी चालवून घराची शोभा करू नये. त्यानं कापसाच्या भाड्याचा हिशेब मनात बसवलेला होता. गाडी अडली की तो गावभर सांगायचा. शेवटी त्यानं तिला बजावलं, आणि बाजारात येऊन मलाही ऐकवलं: “पुन्हा एकदा बाजारात अडली, का किल्ली माह्यापाशी.”

ती म्हणाली, “अडू दे. मंग पाहू.”

आणि अडली. त्या दिवशी जिनिंगच्या मागच्या उतारावर कोणा व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता. तिला जीप बाजाराच्या सपाट तोंडाशी लावावी लागली. भाजी संपली, परत जाताना तिनं गुरांसाठी ढेपेची पोती भरली, मागचा भाग खाली बसेपर्यंत. किल्ली फिरवली, सेल्फ मारला. कट्. पुन्हा मारला. कट्.

माणसं धावली. तिनं पंजा बाहेर काढला. “धक्का नाई.”

दीर गर्दीतून पुढे आला. “आन वहिनी, किल्ली आन.” मग त्याला मी दिसलो. मी आवाज ऐकून पान्ह्यासकट आलो होतो. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “सांग बे मिस्त्री. तूनं इतक्या डाव पाह्यली. गाडी खराब आहे, का हात खराब आहे?”

याचं खरं उत्तर होतं: मला दोष सापडला नाही. चार शब्द. पण गॅरेज नवीन माझ्या नावावर होतं, समोर निम्म्या तालुक्याचे गाडीवाले उभे होते, आणि मिस्त्रीला सापडलं नाही हे त्यांच्यापुढे बोलायची माझी जीभ होईना.

मी म्हणालो, “गाडीत काही खराबी नाही. सेल्फ मारायलाही हात लागतो.”

लोक हसले. दीर हसला. नवऱ्यानं टोपी सारखी केली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, काहीतरी मोजल्यासारखं.

“हात लागतो ना?” ती म्हणाली. “मंग हातच लावते.”

तिनं सीटखालून हँडल काढलं. लोखंडी, वाकडं, पुढच्या बंपरच्या भोकातून घालून इंजिन फिरवायचं ते. पदर कमरेला खोचला. नवऱ्याला म्हणाली, “चोक ओढून धरा.” आणि भर बाजारात, धुळीत पाय रोवून, हँडलला भिडली.

हँडल धरायची आमच्या धंद्यात एक रीत असते. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत अडकवायचा नाही, कारण इंजिन कधी कधी उलटा झटका देतं. तिचा अंगठा मुठीत होता. मला ते दिसत होतं. दोन पावलांवर उभा होतो. “काकू, अंगठा बाहेर,” एवढं म्हणायचं होतं. पण आत्ताच त्या बाईचा हात मी वाईट ठरवला होता. आता त्याच हाताला शिकवू कसा, अशा काहीतरी मूर्ख विचारात मी राहिलो, आणि इंजिनानं झटका दिला.

आवाज मला ऐकू आला. मनगटाचा.

ती ओरडली नाही. हात छातीशी धरून क्षणभर वाकली. दोनचारजण पुढे सरकले. डावा पंजा वर झाला. “नाई म्हटलं ना.” मग त्याच डाव्या हातानं तिनं हँडल पुन्हा धरलं, आणि कसं कोण जाणे, एका उसळीत गाडी सुरू झाली.

त्यानंतरचं दृश्य त्या दिवशी बाजारात असलेल्या कोणालाही विचारा. ती स्टिअरिंगवर डावा हात ठेवून बसली. उजवा मांडीवर पडलेला. गिअर कोण टाकणार? गिअरचा दांडा दोघांच्या मधे होता. ती क्लच दाबून म्हणाली, “पहिला टाका.” त्यानं चाचपून टाकला. गाडी निघाली. “दुसरा.” तो म्हणाला, “थांब, गाडीले म्हनू दे.” आवाज चढला, मग त्यानं दुसरा टाकला. लोक आधी हसत होते. वळणापर्यंत कोणी हसेनासं झालं. जीप गेली, तिचा तिसरा गिअर पडलेला आम्हाला लांबून ऐकू आला.

सेवाग्रामला नेऊन प्लास्टर घातलं. तेवढ्यात दीर माझ्याकडे आला. वहिनी चालवू शकत नाही, आणि किल्लीही देत नाही; किल्लीशिवाय गाडी सुरू होईल असं बटण बसवून दे. मी नाही म्हणू शकलो असतो.

गेलो. जीप मळ्यातल्या उंचवट्यावर होती. दिरानं त्यात कापसाचे बोजे आधीच भरून ठेवले होते, लगेच निघायचं म्हणून. बाई बाजेवर बसली होती, गळ्यात हात बांधलेला, किल्ली कमरेच्या पिशवीत. नवरा बाजेच्या पायथ्याशी.

“ये मिस्त्री,” ती म्हणाली. “कर बाप्पा, कर तुहं काम. किल्ली मातर नाई भेटनार.”

मी वायर जोडल्या, बटण बसवलं आणि दाबलं. कट्.

पहिल्यांदाच माझ्यापुढे नाही लागली. पुन्हा दाबलं. कट्. तिसऱ्या वेळी तोल सावरायला मी डॅशबोर्डाला धरलं, आणि बोटं चोकच्या मुठीवर पडली. चटका बसला. मी बोट तोंडात घातलं आणि तसाच उभा राहिलो.

वीज बॅटरीतून निघते, सेल्फ फिरवते आणि तिला बॅटरीकडे परत यावं लागतं. त्या परतीच्या वाटेवर इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी तांब्याची एक पट्टी असते. ती वाट बंद झाली तर वीज मिळेल त्या वाटेनं येते, चोकच्या बारीक तारेतूनसुद्धा. तार तापते, आणि सेल्फला जोर मिळत नाही. हे मला पाठ होतं. उस्तादांनी पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

मी गाडीखाली शिरलो. पट्टी जागेवर होती, बोल्टही होता. पट्टीखाली रुपेरी रंग चमकत होता.

दसऱ्याला आपल्याकडे गाड्या धुऊन, रंगवून, हार घालून पूजतात. नवीन गॅरेजवाला म्हणून त्या दसऱ्याला मी सगळ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या हौसेनं रंगवल्या होत्या. तिच्या जीपचा सेल्फ सफाईसाठी उतरवलेला होता, तेवढ्यात चेसिसही रुपेरी केली. आणि पट्टी परत बसवली ती त्या ओल्या रंगावर. रंगातून वीज जात नाही. रिकामी गाडी असली की बोल्टाच्या आट्यांतून कुठेतरी धातूला धातू टेकत होता, म्हणून माझ्याकडे ती ठीक असायची. गाडी भरली, चेसिस दबली, की ते टेकणं सुटायचं. ती माझ्याकडे भाजी विकून, रिकामी गाडी घेऊन यायची. मी एकदाही म्हणालो नव्हतो, की भरलेली आणा.

मी चाकूनं रंग खरवडला. पट्टी आवळली. बाहेर आलो, बटण दाबलं. फर्रकन सुरू. बंद केली. पुन्हा सुरू.

दीर टाळी वाजवून ओरडला, “पाहा वहिनी! आता कशी लागून राह्यली!”

ती माझ्याकडे बघत होती. माझ्या बोटाकडे. “काय होतं रे मिस्त्री?”

आणि मी म्हणालो, “काही नाही काकू. बटणाचीच वायर ढिली राहिली होती.”

बाजारात बोललो तेव्हा मला माहीत नव्हतं. हे बोललो तेव्हा माहीत होतं. पुढे दिराच्या हातात ती जीप वर्षानुवर्षं एकदाही अडली नाही, आणि प्रत्येक न अडलेला दिवस तिच्या विरुद्ध साक्ष देत राहिला.

ती काही रडत बसली नाही. वांग्याला पाणी द्यायचं म्हणून प्लास्टर तिनं स्वतःच वेळेआधी फोडलं. मनगट वाकडं राहिलं. पुढच्या हंगामात ती बंडी हाकत बाजाराला आली, बैलांची बंडी, शेजारी नवरा, मागे टोपले. आणि जिनिंगच्या मागच्या त्याच उतारावर तिनं बंडी सोडली. कोणीतरी म्हणालं, “काकी, बैलांचा बी सेल्फ खराब आहे का?”

“बैलाचा चांगला आहे,” ती म्हणाली. “मिस्त्रीनं हात नाई लावला त्याले.”

जीपची किल्ली तिच्या कमरेला कायम होती. वाकड्या मनगटानं ती वांगी तोलायची तेव्हा किल्ली तराजूच्या साखळीला लागून वाजायची.

आणि दर बाजाराला, माझ्या गॅरेजपुढून जाताना, बंडी जराशी थांबवून ती विचारायची, “काऊन रे मिस्त्री, तार थंडी झाली का?” लोकांना वाटायचं, म्हातारीची काहीतरी थट्टा. मी खाली वाकून पान्हे चाळत बसायचो. तिला सगळं कळलं होतं, बोट तोंडात गेलं त्याच क्षणी. तिनं ते कोणालाही सांगितलं नाही. एकदा गॅरेजात कोणी नव्हतं तेव्हा मी धीर करून विचारलं, “काकू, तुम्हीच का नाही सांगत सगळ्यांना?”

“मी कायले सांगू? तूनं बोललं, तू सांग.” मग बैलांच्या शेपट्यांना हात लावत म्हणाली, “मी कोनाचा धक्का घेत नाई. देत बी नाई. तू आपल्यानं चालू हो.”

ती गेली तेव्हा मी नागपूरला होतो. बऱ्याच दिवसांनी मळ्यात गेलो. नवरा बाजेवर बसलेला, टोपी तीच.

“कोन?”

“मिस्त्री.”

“बस.” त्यानं पुतण्याच्या बायकोला चहा सांगितला. मग बोट दाखवलं, बरोबर त्या दिशेला. उंचवटा तसाच होता, वर गवत वाढलेलं. “सपाट करून मेथी लावतो म्हनत होते पोट्टे. मी म्हटलं नाई. ते तिची जागा आहे.” त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ली होती. तो ती बोटांनी चाचपत होता. त्या किल्लीनं सुरू होणारी गाडी केव्हाच भंगारात गेली होती. “ती म्हने, तार गरम होत होती. मले तर काही दिसत नोतं. गरम होत होती का रे?”

मी चहा पीत होतो. “जुनी गोष्ट आहे काका,” म्हणालो आणि उठून आलो.

आता तोही नाही. हे लिहिल्यानं माझी सुटका झाली असं मी समजत नाही, कारण ते वाक्य मी कागदावर बोललो नव्हतो. आर्वीच्या बाजारात, सपाट तोंडाशी उभं राहून, तितक्याच मोठ्या आवाजात मला हे बोलायचं आहे: हात चांगला होता, खराबी माझी होती. ते अजून बाकी आहे.